सुपडू नावाड्याचा हात

एका बाईला मी माझ्या डोळ्यांदेखत बुडताना पाहिलं. तिला काढायला गेलेली नाव तिच्यापाशी पोचली होती, नावेत त्या काठावरचा सगळ्यात चांगला नावाडी होता, आणि त्याचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. तरी ती गेली. इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट माझ्या टाळक्यात अजून बसत नाही. कोणाला सांगायला गेलं की लोक म्हणतात, जाऊ द्या यादव मिस्तरी, पूरच तेवढा असेल. पूर होता हो. पण तिला पुराने नेलं नाही.

आधी सुपडू भोई कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच त्याला दोन शिव्या घालून मोकळे व्हाल. त्या मी घातल्या आहेत, तुम्ही तसदी घेऊ नका.

शिंदखेडा तालुक्यात तापीच्या काठावर काठोडे नावाचं गाव. एका पुरात तिथली माणसं वाहून गेली तेव्हा सरकारला जाग आली आणि गावाला पूर-चौकी मंजूर झाली. चौकी म्हणजे दरडीवर एक पत्र्याची शेड. शेडमध्ये फायबरची नाव, तिच्या मागे लावायचं इंजिन, दोरखंड, ट्रकच्या चाकातल्या फुगवलेल्या ट्यूबा आणि नारिंगी रंगाची जाकिटं. अर्धी जाकिटं पहिल्याच उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडली, उरलेली आम्ही उशाला घ्यायचो. जून ते दिवाळी एवढाच चौकीचा हंगाम. मी धुळ्याच्या गॅरेजमध्ये वाढलेला माणूस. इंजिन सांभाळायला मला तिथे रोजंदारीवर पाठवलं, आणि नावेवर हंगामी नावाडी म्हणून सुपडूला घेतलं.

सुपडूच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून घराबाहेर काढलं आणि परत आत घेतलं. त्यावरून हे नाव. बापाची लाकडी नाव होती, तीवर अख्खा बाजार पलीकडच्या काठाला जायचा. पूल झाला आणि नाव दरडीवर पालथी पडून राहिली. मग सुपडू उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजं-डांगरं लावायचा, हिवाळ्यात मासे धरायचा आणि पावसाळ्यात सरकारी नोकर व्हायचा. अंगाने काटक, बोलायला कमी, तंबाखूला जास्त. नावेत चपला घालून कोणी चढलं तर तहसीलदार असला तरी तो खाली उतरवायचा. एकदा खरंच उतरवलं होतं. साहेब अनवाणी चिखलात उभे, आणि हा म्हणतो, "आते या साहेब."

पाण्यात माणूस दिसला की मात्र त्याच्यात वारं संचारायचं. म्हातारे, पोरं, वऱ्हाडी, दारुडे, सगळ्यांना त्याने काढलं. कोणाला केसाला धरून, कोणाला धोतराला, एका नव्या नवरीला तर मुंडावळ्यांसकट कमरेत हात घालून वर घेतलं. तिची सासू काठावरून काहीबाही बोलायला लागली, तेव्हा सुपडूने तिलाच सुनावलं, "पानीमा बाई-मानूस काही नई ऱ्हास, आक्का. जीव ऱ्हास." हे वाक्य मला इतकं आवडलं की धुळ्यात मी ते दहा जणांना ऐकवलं. मी भीमनगरातला. काठोड्याला पहिल्या दिवशी माझा डबा वेगळा मांडायला कोणीतरी पुढे आलं, तेव्हा सुपडू काही न बोलता माझ्या ताटातली भाकर मोडून खायला लागला. विषय संपला. अशा माणसाबद्दल मी सांगतो आहे, एवढं ध्यानात ठेवा.

त्याच्या घरी मी जेवायला जायचो. घरात त्याची बायको रुक्माबाई, धाकटा भाऊ सुकदेव, सुकदेवची बायको मंदा आणि त्यांची पोरगी सुंदर. पहिल्या दिवशी आम्ही दाराशी पोचलो तर सुपडू उंबऱ्याबाहेरच थांबला आणि क्षयरोग झाल्यासारखा खोकायला लागला. मी म्हटलं, अरे औषध घे. तेवढ्यात आत बांगड्या वाजल्या, कोणीतरी भिंतीकडे सरकलं, आणि मग हा खाली मान घालून आत गेला. जेवताना पाणी हवं झालं तर भिंतीला म्हणाला, "सुंदर, तिले सांग, पानी दे." सुंदर तेव्हा पाळण्यात होती. पाणी आलं. हनुवटीपर्यंत पदर ओढलेली एक बाई तांब्या लांब ठेवून मागे सरकली.

ती मंदा. सुपडू तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यात जेठाने धाकट्या भावाच्या बायकोचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, तिला हात लागू द्यायचा नाही. तिनेही त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही. मला असल्या रितीभातींचा मनापासून राग आहे आणि मी तो तोंडावर बोलून दाखवतो. सुपडू नुसता हसायचा.

बरं, दोघांत वैर असतं तर गोष्ट वेगळी. तसंही नव्हतं. जाळ्यात चांगला मासा आला की हा तो ओट्यावर ठेवून भिंतीला सांगायचा, "हाई तिनाकरता शे." ह्याचे दात दुखतात म्हणून ती ह्याची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वेगळी, पातळ थापायची. तो एकदा तापाने फणफणला तेव्हा काढा तिने केला, पण दाराआड बसून, आणि पाजला रुक्माबाईने. "घरनी लक्ष्मी शे ती," असं तो मला कितीदा म्हणाला असेल. मी म्हणायचो, लक्ष्मीचं तोंड तरी बघ एकदा. तो दोन्ही कानांना हात लावायचा.

एका वर्षी पावसाळ्याआधी आम्हाला शिकवायला मुंबईहून एक साहेब आले. तटरक्षक दलातून निवृत्त झालेले, आयुष्य समुद्रावर काढलेले. मे महिन्यातली तापी बघून त्यांनी विचारलं, "पाणी कुठे आहे?" सुपडू म्हणाला, "येई ना साहेब. दम धरा."

साहेब कडक, पण शिकवायचे जीव तोडून. डोहात नाव घातली आणि एकेकाला पाण्यात उतरवून बाहेर काढायचा सराव सुरू झाला. "हातात हात नाही, हात निसटतो," ते ओरडायचे. "मनगटाला मनगट! त्याने तुमचं धरायचं, तुम्ही त्याचं धरायचं!" दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पुरात बायका जास्त जातात. त्यांना कोणी पोहायला शिकवत नाही आणि लुगडं पायात अडकतं. बायकांना बोलवा." काठावर जमलेल्या बायका मागे सरल्या. शेवटी सुपडूने रुक्माबाईला हाक मारली. ती नाकातोंडात पाणी जाईपर्यंत हसली, पण मनगटाला मनगट धरून नावेत आली. टाळ्या झाल्या.

साहेबांनी मागे बोट केलं. "आता ती." तिथे मंदा पदर ओढून उभी होती, कडेवर सुंदर.

सुपडू खाली बघत म्हणाला, "ती मना लहान भाऊनी बायको शे, साहेब."

"मग काय झालं?"

"मी तिना जेठ शे."

साहेबांना काही कळेना, तेव्हा मीच समजावून सांगितलं. ऐकून ते थक्क झाले. "आणि पूर आला तर?" त्यांनी विचारलं.

ह्यावर सगळा काठ हसला. सुपडूही हसला. "पूरमा ती कसाले जाई, साहेब? ती तं घरमाच ऱ्हास."

साहेब हसले नाहीत. मी हसलो का नाही ते आठवत नाही. बहुतेक हसलोच असेन.

मग चौऱ्याण्णवचा भादवा आला. वर पाऊस कोसळत होता, नदी दोन दिवस फुगत होती. सुकदेव केळीच्या ट्रकवर हमाली करायला यावलकडे गेला होता. त्या सकाळी मंदा आणि शेजारची झुंबरबाई नदीकाठच्या शेतात बैलांसाठी चारा कापायला गेल्या. पाणी समोर होतं, ते त्यांना दिसत होतं. पण मागच्या नाल्यातून ते कधी शिरलं आणि गावाकडची वाट कधी बंद झाली, हे त्यांना कळलं नाही. दोघी लिंबाच्या झाडावर चढल्या. गुराख्याने दरडीवरून आरोळी दिली तेव्हा आम्ही चौकीतच होतो.

"कोन शे झाडवर?" सुपडूने विचारलं.

"झुंबरबाई. आन् तुमनी मंदा."

त्याचा चेहरा उतरला, पण हात थांबले नाहीत. नाव पाण्यात घातली, त्याने कमरेला दोर बांधला, इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. गढूळ पाण्यातून ओंडके येत होते, मेलेली शेळी गेली, कोणाचं तरी छप्पर गेलं. साहेबांनी शिकवल्याप्रमाणे आम्ही झाडाच्या खालच्या अंगाने, प्रवाहाच्या उलट, नाव वर नेली. मी इंजिन असं धरून ठेवलं की नाव एका जागी थरथरत राहील. दांडा सोडला असता तर आम्ही दोघंही गेलो असतो, त्यामुळे मला जागेवरून हलता येत नव्हतं.

झुंबरबाई खालच्या फांदीवर होती. सुपडूने तिचं मनगट धरलं आणि गोणी टाकावी तशी तिला नावेत टाकली. पापणी लवायच्या आत झालं सगळं. मी मनात म्हटलं, झालं, आता दुसरी, की सुटलो.

मंदा जरा पलीकडे होती. कमरेपर्यंत पाणी, एका हातात वरची फांदी, दुसरा हात खोडाला, पदर कमरेला खोचलेला, केस मोकळे. तोंड उघडं. मीही तिचं तोंड त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सावळी, कपाळावर गोंदलेलं, समोरचे केस पिकायला लागलेले. डोळे नावेवर लागलेले. तिला जगायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मग तिला नावेत पुढे उभा असलेला माणूस दिसला.

सुपडूने मान फिरवली. मी खोटं बोलत नाही. पुराच्या मधोमध, थरथरत्या नावेत त्याने अदबीने मान दुसरीकडे फिरवली, कारण तिच्या डोक्यावर पदर नव्हता. आणि हात पुढे करण्याऐवजी त्याने वल्हं पुढे केलं. वर काय म्हणाला? झुंबरबाईला म्हणाला, "तिले सांग, वल्हं धर!"

झुंबरबाई किंचाळली, "मंदा, वल्हं धर व माय!" मंदाने एक हात सोडला. माझा जीव भांड्यात पडला. पण तो हात वल्ह्याकडे गेला नाही. तो कमरेशी गेला, तिने खोचलेला पदर ओढून काढला आणि तोंडावर घेतला. चिंब भिजलेलं लुगडं ते, तोंडाला चिकटून बसलं. मग तिने वल्ह्यासाठी हात पुढे केला, पण आता तिला दिसतच नव्हतं. ती चाचपडत होती एकीकडे, वल्हं होतं दुसरीकडे.

"सुपड्या!" मी गळा फाडून ओरडलो. "मान फिरव! बघ तिच्याकडे! मनगट धर तिचं!"

त्याने वल्हं टाकलं. हात पुढे केला. मान अजून दुसरीकडेच. दोन हात हवेत एकमेकांना शोधत होते, एकाचे डोळे पदराने झाकलेले आणि दुसऱ्याचे रितीने. वीतभर अंतर उरलं. मग तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. लागली हो, मी पाहिलं. आणि तव्याला हात लागावा तसा तिने हात मागे घेतला.

त्या झटक्यात तिचा पाय सुटला. वरच्या फांदीची साल तेवढी तिच्या हातात आली.

आवाजावर सुपडूने मान वळवली तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. त्याने उडी मारली. किती वेळा तळाशी गेला आणि वर आला ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्याच्या कमरेच्या दोराला धरून मी एका हाताने आणि झुंबरबाईने दोन्ही हातांनी त्याला ओढून घेतलं. तो आमच्याशी झटापट करत होता.

काठावर आल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. परक्या नवरीला कमरेत हात घालून काढणारा माणूस तू, म्हटलं, आणि घरातली बाई तुझ्या हातापाशी मेली! तो नावेच्या कडेवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्या खांद्याला लावला असावा, तसं. म्हणाला, "समदास्ना हात धरात मी, मिस्तरी. तिना धराले हात उठना नई." रुक्माबाई छाती पिटत होती. सुंदर अंगणात उभी होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसरा अख्खा दिवस आम्ही नाव घेऊन खालच्या अंगाला शोधत फिरलो. सुपडू जेवला नाही. प्रत्येक झाडाकडे बघायचा. त्याच्या मनाने घेतलं होतं की ती कुठेतरी अडकून जिवंत असणार. सुकदेवला यावलकडे निरोप गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या एका गावाहून सांगावा आला, बाई सापडली आहे, येऊन बघून जा. आम्ही दोघंच गेलो. काठावर लोक जमले होते, एक जमादार उभा होता. नदीने अंगावरचं लुगडं नेलं होतं. तिथल्या बायकांनी कोणाची तरी जुनी चादर तिच्यावर टाकली होती. त्या गावात तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

जमादाराने तोंडावरची चादर बाजूला केली. "हीच का तुमची?"

मी एका नजरेत ओळखली. तेच गोंदण, तेच पिकलेले केस. मी मान खाली घातली आणि सुपडू आता हंबरडा फोडेल म्हणून वाट बघत राहिलो.

सुपडू वाकला. त्याने नीट पाहिलं, अगदी निरखून. मग सरळ झाला आणि म्हणाला, "नई, साहेब. ही आमनी नई. ही बाई मी कधी देखेल नई."

मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. नाहीतर पाप अंगावर येईल म्हणून खोटं बोलतो आहे. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत आनंद होता. माझा दंड धरून तो म्हणाला, "आमनी जित्ती व्हई, मिस्तरी! कोठे तरी झाडले अटकेल व्हई. चाल, लवकर चाल!"

तो खोटं बोलत नव्हता. दहा-बारा वर्षं एका छपराखाली काढली, तिच्या हातची भाकर खाल्ली, तिला लक्ष्मी म्हणाला, आणि ती कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं. हीच ती, हे त्याला कसं सांगायचं तेच मला सुचेना.

"झाका हो बिचारीले," सुपडू म्हणाला, "कोनी तरी लेक शे." आणि त्यानेच पुढे होऊन चादर तिच्या तोंडावर ओढली. चादर आखूड होती. वर ओढली तशी खालून पाय उघडे पडले. भेगाळलेल्या टाचा, आणि डाव्या पायाची करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून वाढलेली.

तो तिथल्या तिथे बसला. बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिला. मग इतक्या बारीक आवाजात बोलला की जमादाराला वाकावं लागलं. "तीच शे, साहेब."

"आत्ता तर नाही म्हणालास!"

"तोंड मी कधी देखं, साहेब? मी पायच देखात."

सुपडूने हात पुढे केला. तेवढ्यात गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुनी कोन शे रे भाऊ?"

"लहान भाऊनी बायको."

"मंग तू जेठ शे. हात नको लाऊ, भाऊ. लोके देखी ऱ्हायनात."

मी त्या म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेलो. जमादाराने मला मागून धरलं नसतं तर त्या दिवशी मी काय केलं असतं सांगता येत नाही. मेलेल्या बाईला सुद्धा! काय माणसं आहोत आपण? म्हातारा गोंधळून माझ्याकडे बघत होता. त्याला खरोखर कळत नव्हतं की तो काय चुकीचं बोलला.

सुपडूचा हात हवेत थांबला होता. मी मनात म्हटलं, आता हा मागे घेणार.

त्याने दुसरा हातही पुढे केला आणि तिचे दोन्ही पाय घट्ट धरले. मान वर करून, आधी सुंदरला न सांगता, भिंतीला न सांगता, तो थेट तिच्याशी बोलला. "मंदा," म्हणाला, "चाल, घर चाल."

लोकांनी समजावलं, जमादाराने दरडावलं, दोघा-तिघांनी त्याची बोटं उकलायचा प्रयत्न केला. सुकदेव दुपारी आला. तोपर्यंत सुपडूने ते पाय सोडले नाहीत.